शेजारच्या सीटवरून : किल्ली कुणाच्या खिशात?

पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, परीक्षा आटोपल्या की आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोरांची गर्दी होते आणि त्यांच्या आईबापांची पत्रं या सदराकडे यायला लागतात. यंदा पोरांनीही लिहिलंय, तेही बऱ्यापैकी तावातावानं. सारखेच प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच देत नाही. बेळगाव केवढं, दोन गल्ल्यांत ओळख निघते.

प्रश्न : मामा, मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याचे वडील नोकरीनिमित्त मडगावला असतात, पंधरा दिवसांतून एकदा येतात. घरची स्विफ्ट हा संध्याकाळी बाहेर काढतो, चारपाच मित्र भरतो आणि पिरनवाडीहून वळून किणये, जांबोटीपर्यंत जाऊन येतो. बोलले तर ‘सगळेच नेतात की’ म्हणतो. हे म्हणतात, ‘शिकूदे, कधीतरी शिकायचंच आहे. काही झालंच तर पुण्याच्या पोरासारखा निबंध लिहून सुटेल.’ गाडी फाटकात शिरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. कायदा नेमका काय आहे?
— एक आई, अनगोळ

उत्तर : ताई, आधी तुमच्या यजमानांच्या निबंधाचं बघू. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेनं मोटरसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघंही गेले. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. खरं पुढं काय झालं? बोंबाबोंब झाल्यावर मंडळानं आदेश फिरवला, मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, वडिलांना अटक झाली आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या प्रकरणात आईलाही. निबंध पोरगा लिहील हो. कोर्टाच्या पायऱ्या कुणी झिजवायच्या, ते यजमानांना विचारा.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १९९अ आलं. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. हे शेवटचं मुलाला ऐकवा. दंड बाप भरतो हे पोरांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे पंचवीस हजारांनी कुणी हलत नाही. बरोबरचे मित्र गाड्या चालवणार आणि हा आठ वर्षं मागच्या सीटवर बसणार, हे सांगितलं की चेहरा उतरतो. वर्गात मी हेच सांगतो.

कलमात पालकांसाठी एक वाट ठेवलेली आहे. मुलानं आपल्याला न कळत गाडी नेली, किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे पालकानं सिद्ध केलं तर तो सुटतो. मात्र कोर्ट सुरुवात करतं ते तुमची संमती होती असं गृहीत धरूनच. सिद्ध करायचं ते तुम्ही. आणि ताई, तुम्ही तर मला पत्रच लिहिलंत, म्हणजे ‘माहीत नव्हतं’ हे आता तुम्हाला म्हणता येणार नाही!

दुसरी गोष्ट घरोघरी कुणी बोलत नाही, ती विम्याची. गाडीला फुल इन्शुरन्स आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. चालवणाऱ्याकडे लायसनच नसेल तर अशा बहुतेक खटल्यांत कोर्ट विमा कंपनीला सांगतं, जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. २००४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ही रीत पक्की झाली आहे. कमावता माणूस गेला तर ही रक्कम लाखांत जाते. मडगावच्या पगारातून ती फिटत नाही, जमीन विकावी लागते. तुमच्या गाडीचं जे नुकसान होईल, त्याचे पैसेही कंपनी देणार नाही.

आता मुलाच्या बाजूनं. त्याला गाडीची ओढ आहे यात मला काही वाईट दिसत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला इंजिनाचा आवाज ऐकून गाडी ओळखता येते, हे मला आवडतं. यजमान सुट्टीवर आले की घराच्या आवारात किंवा स्वतःच्या शेतात शेजारी बसून त्याला क्लच, ब्रेक, रिव्हर्स शिकवूदे. तो सार्वजनिक रस्ता नव्हे. स्टेपनी बदलणं, टायरची हवा, ऑइलची पट्टी बघणं, सगळं करूदे. फाटकाबाहेर मात्र एक चाक नको. किल्ली खिळ्याला टांगू नका, स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. अठरावा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी कच्च्या लायसनचा अर्ज भरा.

आणि लायसन मिळालं म्हणजे सगळं झालं असं धरू नका. आमच्या गाडीला माझ्या पायाशीही ब्रेक असतो, तो मी कधी जास्त वापरतो ते सांगतो. एकटा शिकणारा पोरगा आरसा बघतो तो मागची गाडी कुठे आहे ते पाहायला. मागं दोन मित्र बसवले की तोच पोरगा आरशात मित्रांची तोंडं बघतो. हसले का, घाबरले का. त्या दीड सेकंदात माझा पाय ब्रेकवर असतो. न्यूझीलंडनं हे ओळखून १९८७ पासून लायसन टप्प्याटप्प्यानं द्यायला सुरुवात केली. मधल्या टप्प्यातल्या चालकाला रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी चालवता येत नाही आणि शेजारी अनुभवी माणूस नसेल तर मित्र भरता येत नाहीत. आपल्याकडे हा मधला टप्पाच नाही. काल कच्चं, आज पक्कं आणि परवा पाच जणांना घेऊन चोर्ला घाट. सरकार करेल तेव्हा करेल, तुम्ही घरात करा. पहिलं वर्षभर मित्र नाहीत आणि अंधार पडल्यावर जांबोटी नाही. त्या रस्त्याला वळणावर गवा उभा असतो. तो लाइटला बाजूला होत नाही आणि हॉर्नला तर नाहीच नाही.

प्रश्न : मामा, मी वीस वर्षांचा, पक्कं लायसन आहे. कोल्हापुरातनं एमएच-०९ ची जुनी होंडा सिटी घेतलोय. स्प्रिंग कापून खाली बसवणार, मोठा एक्झॉस्ट, काळी फिल्म. नंबर ४१४१ आहे, तो ‘दादा’ दिसेल असा करून घेणार. खरं हायवेला पोरं दिसली की पोलीस अडवतात आणि काळ्या काचांची फॉर्च्युनर आली की सलाम करून सोडतात. नियम काय आम्हालाच हाय काय? आणि पासिंग बदलावं लागतं का?
— नाद खुळा, निपाणी

उत्तर : भावा, फॉर्च्युनरचं तुझं म्हणणं खोटं नाही. मीही ते बघतो. पुढारी बसलेल्या गाडीच्या काचेला हात लावायला पोलीस कचरतो आणि तुझ्यासारख्या पोराला बाजूला घेतो. त्यानं पोरांचा कायद्यावरचा विश्वास उडतो आणि मोहिमा सगळ्या फोटोपुरत्या होतात. पण म्हणून तुझी काच पांढरी होत नाही. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ सालीच काळ्या फिल्मवर बडगा उगारलाय. दुकानदार ‘हलकी आहे’ म्हणून जी लावतो, ती या मापात बसत नाही.

स्प्रिंगवर मला जरा जास्त बोलायचंय. कापलेली स्प्रिंग मी हातात घेऊन बघितली आहे. कारखान्यातून येते तेव्हा तिचं टोक अशा बेतानं वळवलेलं असतं की ते खालच्या वाटीत नीट बसतं. गॅरेजवाला ग्राइंडरनं दीड वेढा उडवतो, कधी गॅस कटरनं. कापलेल्या जागी पोलाद निळं पडतं, म्हणजे तिथलं पाणी उतरलं. टोक वाटीत बसत नाही, कडेवर टेकतं. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. तवंदी घाटाच्या उतारावर खड्ड्यातून चाक खाली लोंबलं की स्प्रिंग क्षणभर सैल होते, आणि परत बसताना जागेवरच बसेल याची खात्री नाही. वळताना टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो तो वेगळाच. हेडलाइटचा झोतही खाली येतो, रात्री वीस पावलांपुढचं दिसत नाही. गाडी खाली बसवायची हौसच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंग मिळतात. कायद्याला मात्र त्याही चालत नाहीत, कारण कलम ५२ सांगतं की कंपनीनं नोंदवलेल्या रचनेत मालकानं बदल करायचा नाही. केलास तर दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. एक्झॉस्टच्या आवाजासाठी वेगळं कलम, त्यात १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन बाद.

नंबरप्लेटवर ४१४१ चा ‘दादा’ नको. इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे, ठरलेलं माप. मराठीत लिहिलेलं चालत नाही, कन्नडात लिहिलेलंही नाही. एवढी एक जागा अशी आहे जिथं सीमावाद नाही.

पासिंगचं सरळ आहे. तू निपाणीत राहतोस आणि गाडी इथंच ठेवणार. कोल्हापूर आरटीओकडून एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, काढ, घेतल्यापासून तीस दिवसांत चिक्कोडी आरटीओला नाव बदलण्याचा अर्ज दे आणि केए-२३ नंबर घे. कर्नाटकाचा रोड टॅक्स भरावा लागेल. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, चकरा माराव्या लागतात एवढंच. ‘एमएच नंबर असला की कोगनोळीच्या सीमानाक्यापलीकडे कुणी अडवत नाही’ हे गणित सीमाभागात पुष्कळ जण मांडतात. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवली तर नंबर बदलणं सक्तीचं आहे. आणि नाव बदललं नाहीस तर उद्या अपघात झाल्यावर नोटीस कोल्हापूरच्या त्या जुन्या मालकाच्या दारात जाते. त्यानं काय घोडं मारलंय?

वेगाचंही लिहून ठेव. चौपदरी हायवेला मोटारीची मर्यादा ताशी १०० किलोमीटर. १ ऑगस्ट २०२४ पासून कर्नाटकात १३० च्या वर सापडलास तर नुसती पावती फाडून भागत नाही, बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा नोंदवतात. पासपोर्ट काढताना, सरकारी नोकरीला अर्ज करताना तो आडवा येतो. माझं ऐकशील तर एक्झॉस्टच्या पैशात चार चांगले टायर आणि ब्रेक पॅड घे. वेगाची खाज असेल तर कोल्हापूरला कार्टिंग आहे. पैसे साठले की कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक बघून ये. तिथं समोरून उसाचा ट्रॅक्टर येत नाही.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. सोळाव्या वर्षी स्कूटीचं लायसन मिळतं असं ऐकलं, खरं आहे का? कॉलेजनं आवारात गाड्या बंद केल्यात, पण समोरच्या गल्लीत सगळ्या मुलांच्या गाड्या लागलेल्या असतात.
— एक वडील, हिंडलगा

उत्तर : कायद्यात आहे, बाजारात नाही. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. हा नियम लुनाच्या काळातला. तेव्हा तो कामाचा होता, माझ्या बहिणी लुनावरच शिकल्या. आजची अॅक्टिव्हा ११० सीसीची. सोळाचं लायसन खिशात ठेवून ती चालवली तर लायसन नसल्यासारखंच आणि वर सांगितलेलं १९९अ तुम्हालाही लागू. बॅटरीवरच्या काही स्कूटर चालतात. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ते मोटार वाहनच धरलं जात नाही, लायसन-नोंदणी काही नको. मात्र ‘वेगाचं लॉक काढून देतो, पन्नासनं पळेल’ असं दुकानदार म्हणाला तर उठून या. लॉक काढलं की ती मोटार वाहन झाली, तीही बिननंबरची. हेल्मेट मात्र पंचवीसच्या वेगालाही घालायला लावा. समोरच्या गल्लीतल्या गाड्यांचं म्हणाल तर कॉलेजनं गाड्या आवाराबाहेर घालवल्या आणि हात झटकले. फाटकावर लायसन बघून आत घेतल्या असत्या तर काही उपयोग झाला असता.

प्रश्न : आमच्या गावात पोरं रात्री बुलेटचे फटाके वाजवत फिरतात. वैतागून आम्ही ग्रामस्थांनी रस्त्यावर स्वखर्चानं दोन गतिरोधक घातले. त्यावर परवा दूध घालणारा पडला. आता काय करावं?
— निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : गुरुजी, आधी ते काढून टाका, आजच. मनानं घातलेला गतिरोधक बेकायदेशीर तर आहेच, शिवाय बुलेटवाल्याला त्याची जागा पाठ असते. पडतो तो दूधवाला आणि बाळंतिणीची रिक्षा. नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे लांबट आणि गोलसर. वर पट्टे, अलीकडे फलक. तो ताशी २५ च्या वेगानं पार करता येतो. तुम्ही घातलाय तो बहुतेक वीतभर उंच आणि हातभर रुंद असेल, सगळीकडे तसाच घालतात. ग्रामपंचायतीच्या ठरावासह रस्ता ज्या खात्याचा त्याच्याकडे रीतसर मागणी करा. आवाजासाठी ११२ ला फोन करा, गाडीचा नंबर सांगा, आणि एकट्यानं नको, चार घरांनी करा. एक गोष्ट आणखी. हे सायलेन्सर बसवणारा गॅरेजवाला गावातलाच किंवा शेजारच्या गावचा असणार. तुमचा विद्यार्थीही असेल. त्याच्याकडे जाऊन बसा, चहा घ्या. कंपनीचे मूळ सायलेन्सर त्याच्याच दुकानाच्या माळ्यावर पडलेले असतात.

प्रश्न : मी अठरा पूर्ण केलीत. भावाला वडिलांनी स्वतः गाडी शिकवली. मला म्हणतात, ‘लग्न झाल्यावर नवऱ्याकडून शीक, तुला कपिलेश्वर पुलावर गाडी चढवायला जमणार नाही.’ लायसनला वडिलांची सही लागते का?
— शहापूर

उत्तर : लागत नाही बाळ. पालकांची संमती अठराच्या आतल्यांना. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज भर, परीक्षा दे, कच्चं लायसन सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर शेजारी पक्कं लायसनवाला माणूस हवा आणि गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’.

पुलाचं सांगतो, कारण तिथं वर्षानुवर्षं शिकवलंय. चढावर मध्येच ट्रॅफिक थांबलं आणि मागं बस येऊन चिकटली, की आधी हँडब्रेक ओढ. बस हॉर्न वाजवते, वाजवूदे. पहिला गिअर टाक. क्लच सावकाश सोडत ये. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचललं जातं. तिथं पाय थांबव. तोच हाफ क्लच. आता थोडं ॲक्सिलरेटर दे, हँडब्रेक सोड. गाडी एक इंचही मागं जाणार नाही. हे मुलींना मुलांपेक्षा लवकर येतं, असा माझा अनुभव आहे, कारण मुलं आवाज ऐकायच्या आधी ॲक्सिलरेटर दाबतात. भावाला एकदा हँडब्रेक न ओढता करून दाखव म्हण. तो मागं गेला तर वडील बघतीलच.

प्रश्न : क्लास कुठला लावावा? किती दिवसांचा?
— बरेच जण

उत्तर : स्वतःच्या धंद्याची जाहिरात इथं करणार नाही. आत गेल्यावर भिंतीवर आरटीओचा परवाना, म्हणजे फॉर्म ११, लावलेला आहे का बघा. गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक आणि क्लच आहे का बघा. मोटारीसाठी नियमानं किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष स्टिअरिंग हातात किमान १० तास पाहिजेत. ‘सात दिवसांत लायसनसकट’ असं सांगणारे तुम्हाला काँग्रेस रोडनं तीन फेऱ्या मारून सोडतात. एका गाडीत तिघांना बसवून एक तास तिघांच्या नावावर लिहितात, तेही विचारून घ्या. रात्रीचा आणि पावसातला एकेक धडा मागा. त्याचे जादा पैसे मागितले तर घासाघीस न करता द्या.